पाळीत गार पाणी बंद! चिनी वैद्यकाचं ऐकायचं का?

शांघायवासी: नोकरीमुळे शांघायला आहे. इथे पाळीत गार पाणी प्यायलं की ऑफिसातल्या बायका डोळे वटारतात आणि आलं-लाल साखरेचं (गूळच म्हणा) कढत पाणी हातात ठेवतात. गर्भाशयात गारवा शिरतो, रक्त साकळतं, म्हणून कळा येतात, असं चिनी वैद्यक मानतं. माझं मत: पाळीच्या दुखण्याची दखल ते आपल्या डॉक्टरांपेक्षा नीट घेतं. स्राव गडद की फिका, गाठी पडतात का, दुखणं आधी की नंतर, पोट दाबलं की बरं वाटतं की हातही लावू देववत नाही, सगळं विचारतात. दाबून बरं वाटलं तर अशक्तपणा, हात सोसवेना तर साकळलेलं रक्त. औषध त्यावर ठरतं. आणि आपल्याकडे? "लग्नानंतर थांबेल."

रोखठोक: प्रश्न चांगले विचारले म्हणून निदान बरोबर ठरतं का? कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिनमुळे (पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात तयार होणारं रसायन) गर्भाशय आवळतं म्हणून. प्यायलेलं गार पाणी तिथे पोचतच नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये (2016) चिनी जलतरणपटू फू युआनहुईने रिलेनंतर सांगून टाकलं की आदल्या रात्री पाळी आली. त्यावर चीनमध्येच अनेकांना प्रश्न पडला, मग ही पाण्यात उतरलीच कशी?

ओवाअर्क: अहो, आपण तरी काय वेगळं करतो? पाळीत दही-ताक नको, ओव्याचं पाणी घे, पोट शेक. शेकाने आराम पडतो, हे तर डॉक्टरही सांगतात.

रोखठोक: शेकाला कोण नाही म्हणतंय! माझं भांडण काढ्याच्या पुड्यांशी आहे. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिच्या 2008 च्या आढाव्यात पाळीच्या दुखण्यावरच्या चिनी वनौषधींबद्दल आशा दिसली, पण मूळ चाचण्याच कच्च्या निघाल्या. 2016 मध्ये तिनेच ॲक्युपंक्चरबद्दलही पुरेसा पुरावा नाही, असंच म्हटलं.

शांघायवासी: पुरावा अपुरा म्हणजे उपचार खोटा, असं होत नाही. दांगग्वे ही मुळी घातलेला सी-वू नावाचा काढा सोंग घराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) बायका घेताहेत.

गोळीवाली: फार्मसीत काम करते, म्हणून मध्ये पडते. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर दांगग्वेने रक्तस्राव वाढू शकतो. दुसरं, गार हातपाय आणि पाळीच्या कळांवरच्या जुन्या चिनी काढ्यात मुतोंग नावाची वनस्पती असते. तिच्या जागी ग्वान-मुतोंग ही दुसरीच वनस्पती वापरली जायची. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने मूत्रपिंडं निकामी होतात. 2003 मध्ये चीननेच ते बंद केलं.

शांघायवासी: म्हणजे दोष बदली वनस्पतीचा. मूळ मुतोंग वेगळंच!

गोळीवाली: असेल. पण वाळलेल्या चकत्यांची पुडी हातात आली की त्यात कुठलं आहे, हे बाईने कसं ओळखायचं? आणि दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल तर आधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आहे का ते बघून घ्या. रक्त साकळलंय म्हणत काढे पिण्यात वर्षं जातात.

शांघायवासी: "लग्नानंतर थांबेल" ऐकण्यातही जातातच की!