मुहूर्त ठरेपर्यंत मंगल कार्यालयाची तारीख कशी धरून ठेवावी?

प्रश्न (विवाह-आयोजक, राजारामपुरी):
वधूपक्ष गुरुजींकडून तीन मुहूर्त काढून आणतो आणि त्यांतला एक पक्का होईपर्यंत मी तिन्ही तारखांना कोल्हापुरातली तीन-तीन कार्यालये तोंडी अडवून ठेवतो. गेल्या महिन्यात अशी एक तारीख मला न कळवता दुसऱ्यांना दिली गेली. विचारल्यावर ‘नाव पेन्सिलीने लिहिले होते’ एवढेच उत्तर मिळाले. यात चूक कोणाची मानावी?

उत्तर (कार्यालय व्यवस्थापक):
न कळवणे ही कार्यालयाची चूकच आहे. मात्र तीन मुहूर्तांना तीन कार्यालये म्हणजे नऊ तारखा अडतात आणि त्यांतल्या आठ सुटणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते, याचाही विचार व्हावा. आमच्या वहीत नावापुढे मुदत संपण्याचा दिवस आणि वेळ लिहितो. दुसरे गिऱ्हाईक विसार घेऊन आले, तर पहिल्याला फोन करून 24 तास देतो आणि त्यानंतर तारीख मोकळी करतो. एरवी मुदत आठ दिवसांची असते. परंतु 2026 मधल्या 17 मे ते 15 जून या अधिक ज्येष्ठासारखा महिना ऐन लग्नसराईत आला, की उरलेल्या मुहूर्तांवर इतकी गर्दी होते की दोन दिवसही जड जातात.

उत्तर (वकील):
भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 5 नुसार स्वीकृती कळवली जाण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. तारीख राखून ठेवण्याबद्दल काहीच मोबदला दिलेला नसेल, तर नुसत्या तोंडी शब्दावर दावा टिकणे कठीण असते. थोडी रक्कम भरून पावती घ्यावी आणि ती पुढे भाड्यात वळती होईल की बुडेल, हेही पावतीवरच लिहून घ्यावे.

उत्तर (केटरिंग व्यावसायिक):
तारखेबरोबर तासही लिहावेत. हळद आदल्या संध्याकाळी असते, त्यामुळे आपला ‘एक दिवस’ आणि कार्यालयाचा ‘एक दिवस’ बहुधा जुळत नाही. आदल्या लग्नाची भांडी निघण्याआधीच आमचा टेम्पो दारात उभा राहिल्याचे प्रसंग आले आहेत. शिवाय चैत्र पौर्णिमेच्या आसपासची तारीख असेल, तर जोतिबाच्या यात्रेमुळे पाहुण्यांसाठी लॉजच्या खोल्या मिळतील का, हे आधी पाहावे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. सध्याच्या एका लग्नाचा मुहूर्त मंगळवारीच पक्का झाला होता, तरी उरलेल्या आठ तारखा माझ्याच नावावर पडून होत्या. त्या सोडल्याचे संबंधित कार्यालयांना आत्ताच कळवले आहे.