काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, म्हणून तपासणीही विम्यात हवी

सरकारी विम्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा खर्च द्यावा, पण नीट दिसत असताना डोळे तपासायला पैसे कशाला, हा तुमचा मुद्दा मला अजिबात पटला नाही. मोतीबिंदूत लेन्स बदलली की दिसायला लागतं. उशीर झाला तरी बहुतेकदा निभावतं. काचबिंदूत, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब होण्याच्या आजारात, गेलेली नजर परत येत नाही. आणि ती जाते कडेकडेने. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. डोळ्यातला नुसता दाब मोजून भागत नाही, कारण तो २१ मिमी पारा या नेहमीच्या मर्यादेच्या आत असूनही काचबिंदू होतो. डोळ्याची नस पाहावी लागते, दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर पाहताना कडेचं किती दिसतं, ते तपासावं लागतं.

सरसकट सगळ्यांची दरवर्षी करा, असं माझं म्हणणं नाही. पण मधुमेह असलेले आणि आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असलेले, अशा साठीपुढच्यांची तपासणी तरी बिनखर्चाची हवीच. मधुमेहात तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्तस्राव सुरू झाला तरी बराच काळ काही जाणवत नाही. आणि हो, तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा ज्येष्ठांसोबत कुणीतरी जाच.