राखणदार, पहारेकरी, रखवालदार: कुणाला काय म्हणायचं?

प्रश्न

एक कथा लिहिते आहे. तिच्यात बंद वाड्यात एकटाच राहणारा म्हातारा आहे. तो कुलपं तपासतो, झाडांना पाणी घालतो, रात्री कंदील घेऊन एक फेरी मारतो. त्याला काय म्हणू? पहारेकरी, राखणदार, रखवालदार, चौकीदार, रक्षक असे शब्द सुचतात, पण कोशात पाहावं तर एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलेला. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर

ताई, नामं थोडी बाजूला ठेवा आणि त्यांच्यामागची क्रिया बघा. आपण शेताची राखण करतो, खजिन्यावर पहारा बसवतो, गावात गस्त घालतो, संशयितावर पाळत ठेवतो, पोरक्या मुलाचा सांभाळ करतो, बागेची निगा राखतो. यातलं एकही क्रियापद सहसा दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आता प्रत्यय बघा. राखण, सांभाळ, निगा यांना 'चा-ची' लागतो; पहारा, पाळत, नजर यांना 'वर'. खरी गोम इथे आहे. 'ची' आला की ती वस्तू आपल्याला जपायची आहे हे ठरलं. 'वर' मात्र धोका कुठून आहे ते सांगत नाही. खजिन्यावर पहारा असतो आणि कैद्यावरही असतो. एकीकडे बाहेरचा आत येऊ नये म्हणून, दुसरीकडे आतला बाहेर पडू नये म्हणून. 'कैद्याची राखण' म्हणून बघा, हसू येईल. 'बाळाकडे लक्ष दे' आणि 'बाळ्यावर लक्ष ठेव' यांतही हाच फरक; दुसऱ्या वाक्यातल्या बाळ्याने आधी काहीतरी उद्योग केलेले असणार. महाराष्ट्र पोलिसांच्या 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' या ब्रीदात या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. पहारा एकटाच दोन्ही कामं करतो.

पहारा आला प्रहरावरून. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा. म्हणजे पहारेकऱ्याची पाळी असते. ती संपली की दुसरा येतो आणि हा झोपायला मोकळा. राखणदाराला पाळी नाही. म्हणूनच कोकणात गावाच्या अदृश्य रक्षणकर्त्याला राखणदार म्हणतात, पहारेकरी कुणी म्हणत नाही. चौकीदार चौकीला बांधलेला. रखवालदार या शब्दाला माझ्या कानाला तरी पगाराचा वास येतो. मालक दुसराच कुणीतरी असतो.

तुमच्या म्हाताऱ्याला पाळी नाही, चौकी नाही आणि झाडांना पाणी घालायला त्याला कुणी सांगितलेलंही दिसत नाही. तो राखणदारच. पण कोकणातल्या वाचकाला तो पहिल्याच ओळीत भूत वाटेल. तसं नको असेल तर नाम गाळा आणि 'एक म्हातारा वाडा राखून होता' असं लिहा.

दुसरं उत्तर

वरचं पटलं. शेपटांबद्दल थोडी भर घालतो. किल्लेदार, चौकीदार, हवालदार यांतला 'दार' फारसी, 'धारण करणारा, बाळगणारा' या अर्थाचा. आपल्या घराच्या दाराशी त्याचा संबंध नाही. ज्याच्या हवाली काही केलं तो हवालदार. शिवकाळात गडाचा कारभार सबनीस आणि सरनोबत यांच्याबरोबर हवालदाराच्या हाती असे, आज तोच शब्द पोलिसांत आणि सैन्यात शिपायाच्या वरच्या एका हुद्द्यापुरता उरला आहे.

'वान' तर दोन आहेत. धनवान, गुणवान यांतला संस्कृत, 'ज्याच्यापाशी आहे तो'. बागवान, दरवान यांतला मूळचा फारसी 'बान', म्हणजे राखणारा. बागवानाची स्वतःची बाग असलीच पाहिजे असं नाही. या 'बान'चं मूळ आणि संस्कृतातला 'पा' (राखणे) हा धातू हे सख्खे नातेवाईक. त्या 'पा'वरून गोप, भूप, नृप झाले. मात्र संस्कृतात 'पिणे' या अर्थाचाही 'पा' आहे, त्यामुळे भूप पृथ्वी राखतो आणि मद्यप मद्य राखत नाही. (काही भूप दोन्ही करत, तो भाग वेगळा.)

कोतवालही याच घरचा बघा: कोट्टपाल, कोट राखणारा. कोतवाल पक्ष्याला हे नाव शोभतं. तो आपल्या घरट्याजवळ आलेल्या घारी-कावळ्यांना हुसकून लावतो.

पुरवणी

सरकारी मराठीत एक गंमत आहे. वनखात्यात खालून वर चढत गेलं की वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल आणि बरंच वर वनसंरक्षक. म्हणजे जंगलात पायी फिरणारा 'रक्षक' आणि कार्यालयातला 'संरक्षक'. एका 'सं'ची किंमत एवढी! आणि मधले 'उपवनसंरक्षक' म्हणजे उपवनाचे, बागेचे संरक्षक असं मी कितीतरी वर्षं समजणाऱ्यांना भेटलो आहे. तो 'उप' वनाचा नसून हुद्द्याचा आहे.

'सुरक्षारक्षक' मला कधीच आवडला नाही. एकाच शब्दात 'रक्ष्' दोनदा, जणू हा माणूस सुरक्षेचं रक्षण करतो. पण १९८१च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावातच 'सुरक्षा रक्षक' आहे, तेव्हा आता भांडून उपयोग नाही. बोलताना तरी कोण म्हणतं? फाटकावरचे वॉचमनकाका, नाहीतर सरळ 'सिक्युरिटीला विचार'.

'जागल्या' कुणी घेतला नाही अजून. रात्री जागून गाव किंवा पीक राखणारा तो जागल्या. हा शब्द मरायला टेकला होता. मग आपल्याच कार्यालयातला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला वर्तमानपत्रांनी जागल्या म्हणायला सुरुवात केली. बनवलेल्या दहा प्रतिशब्दांपेक्षा हे बरं झालं.

आणखी एक

सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसतं, तेही राखणाऱ्यांतच धरा: अज्ञान पालन कर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयाने लहान. मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या वाट्याची जमीन सांभाळणारा तो. सांभाळता सांभाळता स्वतःच्या नावावर करून घेणारेही असतात; त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, पण म्हणी दोन आहेत. तळं राखील तो पाणी चाखील, ही थोडी माफ करणारी. कुंपणानेच शेत खाल्लं, ही न करणारी.

आणि 'रक्ष्'चा सगळ्यात लांबचा पाहुणा राक्षस. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि ते राखायला प्राणी. त्यांतले जे 'रक्षामः', आम्ही राखतो, असं म्हणाले, ते राक्षस झाले.