लांबचा सायकलप्रवास संपतानाचे तुमचे अनुभव

काल रामबागेत लेकाच्या सायकलचं पंक्चर काढून घेत होतो. सोल्यूशनचा वास नाकात शिरला आणि थेट डिसेंबर २००३ आठवला. मी आणि माझा मित्र, इंदूर ते बडोदा, चार दिवस. धार, बाघ, कुक्षी, अलिराजपूर, छोटा उदेपूर, डभोई. सुमारे साडेतीनशे किलोमीटर, बिनगिअरच्या सायकली, कॅरिअरवर सुतळीने बांधलेल्या वळकट्या.

घाट उतरलात की माळव्याची काळी माती मागे पडते. टेकड्या, ताडाची झाडं, आणि गाव एका जागी दिसतच नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपल्या टेकाडावर. अलिराजपूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा ट्यूब गेली, ठिगळं संपलेली. भिलाला समाजाच्या एका आजोबांनी स्वतःहून जुनी ट्यूब कापली, तुकडा दगडावर घासून खरखरीत केला, सोल्यूशन लावून फुंकर मारत वाळवला, मगच चिकटवला. पैसे घेतले नाहीत. ते ठिगळ बडोद्यापर्यंत टिकलं.

मावशीचं घर दांडिया बाजारात. चार दिवस ज्याची वाट पाहिली ते वळण आलं आणि दोघांनाही वळवेना. काही न बोलता सूरसागर तलावाला तीन चकरा मारल्या. मग उतरलो.

तुमचं कसं झालं? लिहा.

सिमरोलची सून: १९८६, ओंकारेश्वरहून परत. आम्ही चौघी, लेडीज सायकली. भेरूघाट अख्खा चालत चढलो. घरी पोचले तर आईने उंबऱ्याबाहेर थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ते गार पाणी अजून आठवतं. बाबा बोलले नाहीत, पण संध्याकाळी माझी सायकल स्वतः पुसली. कुकर झाला, पळते.

रेवाकाठ: नर्मदे हर! सायकलवर परिक्रमा केली. मैया ओलांडायची नाही, म्हणून तिच्या मुखाशी समुद्रातून, विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेने. सायकल नावेत आडवी बांधली आणि साखळीला खारं पाणी लागू नये म्हणून माझं उपरणं गुंडाळलं. ओंकारेश्वरला बाटलीतलं जल वाहिलं तेव्हा बाटली इतकी हलकी लागली की हात रिकामा वाटला. रडलो. त्यात लाज कसली.

पोहेजिलेबी: अलिराजपूर म्हणजे दालपानिये! दादा, खाल्ले की नाही?

धागाकर्ता: खाल्ले तर! मक्याचं पीठ, पळसाच्या पानांत, गोवऱ्यांवर. पानाच्या शिरा उमटलेल्या असतात वर.

सिमरोलची सून: पीठ गरम पाण्यात मळायचं का?

पोहेजिलेबी: हो काकू, गरमच. नाहीतर फाटतात.

रात्रपाळी: माझं बीआरएमचं आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. ३०० किलोमीटर, २० तासांची मुदत. शेवटचा शिक्का १९ तास ४० मिनिटांनी मिळाला. रात्री महूकडे येताना दोन तास एक दिवा दिसला नाही, फक्त समोरच्या दादाचा मागचा लाल दिवा. तो मुद्दाम माझ्यासाठी हळू चालवत होता हे नंतर कळलं. त्याने स्वतःची वेळ घालवली. पण महिना झाला, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. कुणाचं होतं का असं?

डॉ. मावशी: होतं बाळा. हँडलवर तळवा दाबला जाऊन तिथली अल्नर नस दुखावते. पकड बदलत राहायची, हातमोजे जाड घ्यायचे. पण महिना झालाय ना, आता थांबू नकोस. याच आठवड्यात दाखव.

रात्रपाळी: उद्याच जातो मावशी.

नवखा: मला जानेवारीत महेश्वरला जायचंय, जाम गेटवरून. उतार फार आहे का?

रेवाकाठ: आहे. निघण्याआधी ब्रेक शू नवे घाल. गेटपाशी मात्र थांब, अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा दरवाजा आहे. कमानीतून खालचं निमाड बघ, मग उतर.

बडोद्याचा जोडीदार: आत्ता वाचलं रे. चकरा चार झाल्या होत्या. मावशी गच्चीवर वाळवणं काढत होती, तिने पहिल्याच चकरेला ओळखलं होतं. तीनदा जाऊ दिलं, चौथ्याला हाक मारली.

धागाकर्ता: तिने हे मला कधीच सांगितलं नाही.

बडोद्याचा जोडीदार: मला सांगितलं होतं. म्हणाली, पोरं थांबायला तयार नव्हती, मग मी कशाला घाई करू.