प्लॅटिनमची अंगठी घ्या, पण लेकीच्या सोन्यातून नको

डिचोलीची मामी
भाचीचं लग्न ठरलंय. नणंदेने लेकीसाठी जपून ठेवलेल्या पाटल्या मोडून दोघांना प्लॅटिनमच्या हिऱ्याच्या अंगठ्या घ्यायच्या आहेत. माझा साफ विरोध आहे. अडीअडचणीला २२ कॅरटच्या पाटलीवर बँकेत सोनेतारण कर्ज मिळतं, प्लॅटिनमला ती सोय नाही. हिरा परत विकायला गेलात तर घेतलेल्या किमतीच्या जवळपासही कुणी येत नाही. शिवाय २०१५च्या आधी बहुतेक काळ प्लॅटिनम सोन्याहून महाग होतं, आज ग्रॅममागे सोनं कितीतरी वर आहे. पाटल्या मोडायच्या कशासाठी?

मांडवीतीर
मामी, लग्नाची अंगठी कुणी गुंतवणूक म्हणून घेत नाही. ती रोज बोटात राहते. २२ कॅरट मऊ, त्यात हिरा बसवणं धोक्याचं. व्हाइट गोल्डवरचा रोडियमचा मुलामा झिजला की खालची पिवळट झाक दिसते. प्लॅटिनम मुळातच पांढरं. त्यावर ओरखडे पडतात, पण धातू फारसा झडत नाही, जागच्या जागी सरकतो. म्हणून हिऱ्याला धरणाऱ्या नख्या टिकतात. जडही छान लागते: तीच अंगठी १८ कॅरट सोन्यात केली तर पाऊण वजनाची होते.

शेटाचा मुलगा, म्हापसा
टिकतात खरं, पण दुरुस्तीचं काय? सोनं १०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला. आमच्या गावातल्या शेटाच्या, म्हणजे सोनाराच्या, भट्टीवर ते काम होत नाही. बाळंतपणानंतर बोट जाड झालं की माप वाढवायला मोठ्या दुकानातच पाठवावी लागते. भोवती सगळीकडे हिरे जडवलेलं वळं असेल तर माप बदलणं जवळजवळ अशक्यच. घेणारच असाल तर आतल्या बाजूला ९५०चा ठसा बघा, म्हणजे ९५ टक्के शुद्ध. हिऱ्याच्या कडेवर लेसरने नंबर कोरलेला असेल, तर तो भिंगातून प्रमाणपत्राशी जुळवा. साध्या टेस्टर पेनला खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा सारखाच वाटतो, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पणजीची वकील
मामींचा खरा मुद्दा बाईच्या आधाराचा आहे. पण आपल्याकडे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर मालमत्ता नवरा-बायकोची सामायिक होते. गोव्यातल्या मुलीचा आधार पाटल्यांपुरताच नाही.

डिचोलीची मामी
वकीलताई, तो अर्धा वाटा कागदावर. भांडण झालं की तो हाती यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पाटली त्याच दिवशी उपयोगी पडते. शेटाच्या मुलाचं म्हणणं मी भाचीला वाचून दाखवणार आहे. दोघं कमावतात, पगारातून घ्या अंगठ्या, मी आनंदाने ओवाळीन. नणंदेच्या पाटल्यांना हात लावू नका.

मांडवीतीर
पगारातून घ्यावी, हे पटलं. पण पाटल्या एकदा लेकीला दिल्या की तिच्या झाल्या ना? त्या ठेवायच्या की मोडायच्या हे तिनेच ठरवायचं. तिला नेमकं काय हवंय, ते या धाग्यात अजून कुठेच आलेलं नाही.