अनुभव धागा: सुई भरकटते तेव्हा (पन्हाळा–पावनखिंड आणि आसपासची वाट)

रंकाळ्याचा वाटसरू (धागाकर्ता)

आषाढ पौर्णिमेच्या आसपास पन्हाळा–पावनखिंड करणारी मंडळी आत्तापासूनच माळ्यावरचे बूट खाली काढायला लागली असतील. 1660 च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले तीच वाट. राजदिंडीतून उतरायचं, तुरुकवाडीवरून मसाई पठार, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पुढं आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी आणि खिंड. मोठ्या मोहिमेबरोबर गेलात तर पुढच्याच्या पाठीवरची सॅक बघत चाललं तरी पोचता. पण आडवारी चार-पाच जणच निघालात आणि मसाईवर धुकं बसलं, की पठारावर ना झाड ना घर. ढोरवाटा मात्र सतराशे साठ. मग होकायंत्र निघतं, आणि नेमकं तिथंच ते वेडंवाकडं दाखवतं अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली.

म्हणून हा धागा. सुई कुठं भरकटली, कशामुळं, आणि काय केल्यावर ताळ्यावर आली ते लिहा. नुसत्या "आम्ही कसे चुकलो" छाप थरारकथांना दुसरा धागा आहे.

मसाईचा नाद

माझ्यापास्नंच सुरुवात. मसाईच्या देवळावरनं पुढं निघालो आणि पठाराच्या मधल्या टप्प्यावर सुई वीसेक अंश डावीकडं. दहा पावलं पुढं गेलो, परत तेच. बरोबर खालच्या वाडीतले आण्णा होते. ते म्हणाले, "पोरा, ह्यो जांभा हाय, ह्यात लोखंड भरल्यालं. तुझं यंत्र हितं चालायचं न्हाई." मग आण्णांच्या मागनं गेलो आणि बरोबर उतरलो. तर भावांनो, मसाईचा दगडच चुंबकी आहे, हे माझं मत.

शुक्रवार पेठेची ताई

दादा, एकच विचारते. पाऊस होता ना? मग डोक्यावर काय होतं?

मसाईचा नाद

छत्री. लांब दांड्याची, काळी. का वो ताई?

शुक्रवार पेठेची ताई

कारण आमच्या ग्रुपमध्ये हाच वाद जवळजवळ हातघाईवर आला होता. दोघींकडं एकाच दुकानातून घेतलेली होकायंत्रं, शेजारी शेजारी उभ्या, आणि उत्तर दोघींची वेगळी. एकीच्या अंगावर पोंचो, दुसरीच्या डाव्या खांद्यावर छत्री. छत्रीचा दांडा आणि काड्या पोलादाच्या. पावसात आपण छत्री अंगाला घट्ट धरतो आणि होकायंत्र छातीशी, म्हणजे दांडा सुईपासून वीतभरावर.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर होकायंत्र ठेवलं आणि सॅकमधली एकेक वस्तू हळूहळू जवळ सरकवत नेली. पॉवर बँक, हेडटॉर्च, छत्री, पाण्याच्या नळीची ती चुंबकवाली क्लिप, फोन. सुई जिथं हलायला लागली तिथं खडूनं रेघ. वस्तू पूर्वेकडून नाहीतर पश्चिमेकडून आणायची. उत्तर-दक्षिण रेषेत आणली तर सुई बऱ्याचदा हलतच नाही, आणि आपल्याला वाटतं वस्तू निर्दोष आहे. सगळ्यात आगाऊ निघाली ती नळीची क्लिप. एवढीशी, पण नेमकी छातीच्या पट्ट्यावर, म्हणजे होकायंत्र धरतो तिथंच. जोतिबाला घेतलेलं भावाचं कडंही पाटावर नेलं. लोखंडी असल्यामुळं त्यानंही सुई ओढली. पितळेच्या डब्याला आणि तांब्याच्या अंगठीला सुई ढिम्म.

निवृत्त ओव्हरसियर

ताईंची पाटावरची तपासणी उत्तम. रानात असताना मात्र आमची जुनी सर्व्हेची पद्धत वापरा. डिप्लोमाला प्रिझमॅटिक कंपास, म्हणजे सर्व्हेचं होकायंत्र, शिकवताना पहिल्याच आठवड्यात 'लोकल अट्रॅक्शन' येतं, म्हणजे जवळच्या लोखंडानं सुई ओढली जाणं. साखळी आणि लोखंडी टोकाच्या काठ्या कंपासपासून लांब ठेवा म्हणून मास्तर ओरडायचे.

पद्धत अशी. तुम्ही अ जागी, सोबती ब जागी, मध्ये शंभरेक पावलं. धुकं दाट असेल तर दिसेल तेवढीच. तुमच्याकडून त्याची दिशा 70 अंश आली, तर त्याच्याकडून तुमची 250 यायला पाहिजे, म्हणजे फरक बरोबर 180. तसा आला तर दोन्ही जागा चांगल्या. 262 आली तर दोहोंतली निदान एक जागा खराब. मग पुढं क जागा धरा आणि ब–क मोजा. जी जोडी जुळेल तिच्यावर भरवसा ठेवा आणि खराब जागेवरचं वाचन सोडून द्या. हे काम एकाच होकायंत्रानं करा, म्हणजे दोन यंत्रांमधला फरक मध्ये येणार नाही. प्रत्येक जोडीत गडबड निघाली तर बहुतेक वेळा दोष जमिनीत नसतो, तुमच्या खिशात असतो.

एवढी यातायात कशाला, असं कुणी म्हणेल. एका अंशाची चूक किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला नेते. मसाईच्या नादभावाचे वीस अंश म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे मीटर. त्या पठाराच्या कडा बघितल्यात ना?

भूशास्त्राचा मास्तर

आण्णांना अगदीच खोटं पाडू नका. आपल्या बसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळची पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा त्यात पक्की बसली. 1950 च्या दशकात दख्खनच्या बसाल्टवर झालेल्या मोजणीतून भारत पूर्वी दक्षिण गोलार्धात होता याला बळकट पुरावा मिळाला. म्हणजे दगडात चुंबकत्व आहे, यात वाद नाही. पण ते इतकं क्षीण असतं की छातीच्या उंचीवर धरलेली सुई सहसा हलत नाही.

अपवाद वीज पडलेल्या खडकाचा. उघड्या सड्यावर वीज कोसळली की तो प्रचंड प्रवाह खडकातून जाताना आसपासचा दगड जोरात चुंबकित होतो, आणि ते चुंबकत्व टिकून राहतं. असं ठिकाण काही मीटरचंच असतं. ओळखायचं कसं? होकायंत्र जमिनीवर ठेवून वाचा, मग उभं राहून छातीशी धरून वाचा. दोन्हींत फरक आला तर दगड बोलतोय. तीस-चाळीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. नादभाऊ म्हणतात दहा पावलांवरही तेच वीस अंश होते. तेव्हा माझंही मत छत्रीच्या बाजूनं.

गडबड करणारी वस्तू हलवता येत नसेल तर आपण हलावं, हा या विषयातला जुना शहाणपणा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजणीचं काम 1904 मध्ये अलिबागला नेलं ते याचसाठी.

शिरोली एमआयडीसी, सेकंड शिफ्ट

माझी केस निराळी. लाल टोक सरळ दक्षिणेला! होकायंत्र बारा महिने ड्रॉवरमध्ये जुन्या स्पीकरशेजारी पडलेलं. थोडं भरकटलेलं कळत नाही, पण पूर्ण उलटलेलं त्याहून घातकी, कारण सुई झकास स्थिर राहते आणि आपण आत्मविश्वासानं उलटे चालतो. सकाळी उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं राहिलं, तर उत्तर डाव्या हाताला पाहिजे. निघायच्या आधी रोज एवढं बघा.

दुरुस्ती कारखान्यातच केली. दमदार चुंबक घेतला. त्याचा दक्षिण ध्रुव कुठला ते एका चांगल्या होकायंत्रावर ताडलं, म्हणजे चांगल्या सुईचं लाल टोक ज्याच्याकडं धावतं तो. आपलं होकायंत्र तिरकं केलं की सुई तळाला टेकून अडकते, फिरत नाही. मग चुंबकाचा तो ध्रुव काचेवरनं सुईच्या मध्यापासून लाल टोकाकडं फर्रकन ओढायचा आणि तसाच लांब न्यायचा. परत मधोमध आणताना उचलून आणायचा, घासत नाही. तीन-चार हात मारल्यावर सुई सुतासारखी सरळ.

अजून एक. कंपनीचे सेफ्टी शूज घालून ट्रेकला येणारे आमचे बरेच गडी आहेत. पुढं पोलादी टोपी असते. उभं राहून वाचलं तर काही नाही. पण मांडी घालून नकाशा पायावर पसरला की होकायंत्र थेट टोपीशेजारी. मग नकाशा चुकलाय म्हणून बोंब.

राजारामपुरी सातवी गल्ली

फोनवाल्यांसाठी. फोनमधलं होकायंत्रही चुंबकावरच चालतं, त्यामुळं चुंबकाची पट्टी असलेलं फ्लिप कव्हर आधी काढा. फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवला की तो स्वतःला सावरतो. पण चुंबक चिकटलेलाच ठेवून फिरवला, तर पुढं कव्हर काढल्यावर परत घोळ. जीपीएसचा ठिपका मात्र उपग्रहावरून येतो, त्याला लोखंडाचं काही नाही. ठिपका बरोबर आणि बाण चुकीचा, असं होऊ शकतं. तेव्हा बाण बघू नका. सरळ वीस-तीस पावलं चाला आणि ठिपका कुठं सरकतो ते बघा.

फोनच्या सेन्सरचा आकडा मायक्रोटेस्लामध्ये (चुंबकक्षेत्राच्या जोराचं माप) दाखवणारी अ‍ॅप मिळतात. आपल्याकडं चाळीसच्या आसपास यायला पाहिजे. साठ-सत्तर दिसले तर जवळ काहीतरी आहे. दगड, गेट, गाडी, काहीही.

महाद्वार रोड

एवढं कशाला? अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. महाद्वारात उभं राहून होकायंत्र ताडून घ्या आणि मग पन्हाळ्याची एसटी धरा.

निवृत्त ओव्हरसियर

आई अंबाबाईची क्षमा मागून सांगतो, तिथं ताडू नका. किरणोत्सव नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी संपता संपता होतो. त्या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेला मावळतच नाही, साधारण अठरा अंश दक्षिणेकडं मावळतो. त्याची किरणं गाभाऱ्यात पोचतात, म्हणजे देवळाची रेघही तिकडं कललेली असणार. वर आजूबाजूला लोखंडी बॅरिकेड आणि लावलेल्या दुचाक्या. ठीक पश्चिम हवी तर 21 मार्च किंवा 23 सप्टेंबरचा मावळता सूर्य घ्या.

पलटणीतला बापू

लोखंडापासून किती लांब, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकन लष्कराच्या नकाशावाचनाच्या पुस्तिकेत अंतरं छापलेली आहेत आणि ती ध्यानात ठेवायला बरी. हाय टेन्शन लाइनपासून 55 मीटर, ट्रकपासून 18, काटेरी तारेपासून 10, रायफल आणि हेल्मेटपासून अर्धा. म्हणजे जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून वर होकायंत्र ठेवणारे फोटोपुरतेच.

कसबा बावडा–म्युनिक

जर्मनीहून आणलेलं महागाचं होकायंत्र इथं आल्यावर अडखळायला लागलं. लोखंड कुठंच नाही. कारण निघालं सुईचा तोल. तिकडं क्षेत्ररेषा जमिनीत खोल घुसतात, उत्तर टोक खाली ओढलं जातं, म्हणून दक्षिणेकडं वजन देतात. आपल्याकडं ओढ बरीच कमी, त्यामुळं तेच वजन सुईची शेपूट खाली पाडतं आणि ती तळाला घासते. होकायंत्र किंचित तिरकं धरून काम भागतं. कायमचा उपाय म्हणजे आपल्या पट्ट्यासाठी तोललेलं, नाहीतर कुठंही चालणारं ग्लोबल सुईचं घ्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडं अंशाभराच्या आसपास आहे, चालताना तो विसरला तरी चालतं.

रांगणावाला

सुईवर भरवसाच नाही आणि धुकं दाट, तर? आम्ही पाटगावकडून रांगण्याला जाताना ओव्हरसियरकाकांच्या सर्व्हेतलीच रेघ धरायची युक्ती वापरतो. चांगल्या जागी दिशा घेतली, की त्या रेघेत तिघं दिसण्याइतक्या अंतरानं उभे राहतात. सगळ्यात मागचा पुढं जातो आणि उरलेले दोघं एकावर एक दिसतील असा उभा राहतो. मग परत मागचा पुढं. होकायंत्र खिशातच. वेग निम्म्यावर येतो, पण खराब पट्टा सरळ पार होतो. शिट्टी हवी, हाका धुक्यात नीट कळत नाहीत.

मसाईचा नाद

बरं, छत्री घरी. यंदा इरलं नाहीतर पोंचो. पण आण्णांच्या कमरेला कोयता असतो आणि ते माझ्या खांद्याला खांदा लावून यंत्रात डोकावतात, त्याचं काय करू?

शुक्रवार पेठेची ताई

त्यांना चार पावलं पुढं चालू दे, दादा. वाट तशीही त्यांनाच माहीत आहे.