मदत हवी आहे: थरारपटात डाव्या हाताची पट्टी उजव्या हाताला गेली, संकलनात सावरता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा मित्रांनी पदरमोड करून बावीस मिनिटांचा एक थरारपट केलाय. सांगलीला माझ्या मामाच्या जुन्या घरात तीन रात्रींत शूटिंग आटोपलं. परवा पहिला कट लावून बघितला आणि हातपाय गार पडले.

गोष्ट अशी. निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, माडीवरची खोली त्यांनी एका तरुणाला भाड्याने दिलीय. वीज गेलेली असताना पलीकडच्या गल्लीत खून होतो. तरुणाचं म्हणणं, आठ वाजल्यापासून तो घराबाहेर पडलेलाच नाही. बाईंना त्याच्या डाव्या तळहाताची पट्टी दिसते आणि पाल चुकचुकते. पुढची चार मिनिटं स्वयंपाकघरात, मेणबत्तीच्या उजेडात, दोघं टेबलाशी समोरासमोर, मध्ये चहा. सगळा सिनेमा या चार मिनिटांवर उभा आहे आणि माती नेमकी तिथेच खाल्लीय.

पहिल्या रात्री वाइड (दोघं एकत्र दिसतात तो लांबचा शॉट) आणि बाईंचे क्लोज (जवळून घेतलेले शॉट) घेतले, दुसऱ्या रात्री त्याचे क्लोज. पट्टी कुठल्या हाताला होती हे बघायला मी फोनमधला फोटो उघडला. तो नटाने स्वतःच काढलेला सेल्फी होता, आणि त्या फोनमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. झालं, दुसऱ्या रात्री पट्टी उजव्या हाताला. नटाला बोल लावत नाही. कंटिन्युटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय ना हे बघायला, वेगळा माणूस नव्हता. दिग्दर्शन, क्लॅप (शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरायची पाटी), कंटिन्युटी आणि चहा, सगळं माझ्याकडेच.

दुसरं भिंतीवरचं घड्याळ. वाइडमध्ये त्याच्या डोक्यामागे नऊ वीस, त्याच्या क्लोजमध्ये बारा चाळीस. आणि ते मागे दिसत असताना साहेब सांगतायत, "आठपासून इथंच आहे मी."

बाकी किरकोळ, पण बरंच आहे. मेणबत्ती प्रसंगभर उंच-बुटकी होत राहते. चहाचा कप एकदा रिकामा होऊन पुन्हा भरतो. बाईंचा चष्मा एका कटला कपाळावर, दुसऱ्याला नाकावर.

पुन्हा शूट करायची सोय नाही. नट नागपूरला आहे आणि नव्या नाटकासाठी त्याने टक्कल केलंय. मामाने स्वयंपाकघराला नवा रंग काढलाय. एका महोत्सवाला पाठवायचं आहे, हातात तीन आठवडे. सगळं फोर-केमध्ये, ट्रायपॉडवर घेतलंय.

त्याचे क्लोज आडवे उलटवले (फ्लॉप केले) तर पट्टी डाव्या हाताला येईल, हे चालेल का? घड्याळाचं काय करू? आणि मेणबत्ती-चहाच्या मागे किती लागू?

कात्रीवाला

उलटवू नका. आत्ता बाई पडद्याच्या उजवीकडे बघून बोलतात, तो डावीकडे बघून. म्हणून ते समोरासमोर बसलेत असं वाटतं. त्याला उलटवलात की तोही उजवीकडे बघायला लागेल आणि दोघं एसटीच्या एकाच बाकावर बसून ड्रायव्हरकडे बघत बोलतायत असं दिसेल. शिवाय मागच्या घड्याळाचे आकडे उलटे होतील, त्याच्या केसांचा भांग फिरेल.

फोर-के आहे ही तुमची लॉटरी आहे. फायनल फाइल एचडी करा. फोर-केची रुंदी एचडीच्या दुप्पट असते, त्यामुळे दुपटीपर्यंत फ्रेम आत घेतलीत तरी चित्र फुटत नाही. क्लोज वर ओढून घ्या, खांद्याच्या खाली कापा. हात बाहेर, प्रश्न संपला. प्रसंग तापत जाईल तशी फ्रेम आवळत नेलीत तर ती मुद्दाम केलीय असंच वाटेल.

मग पट्टी दाखवायची कशी? एकच इन्सर्ट, म्हणजे मध्ये घालायचा वस्तूचा जवळचा शॉट: टेबल, कप, पट्टी बांधलेला डावा हात. त्याला नट लागत नाही. तोच शर्ट, तोच कप, कुणाचाही हात.

पडदानशीन

क्लोज राहू देत आणि वाइड उलटवला तर? वाइडमधली पट्टी उजव्या हाताला जाईल, म्हणजे क्लोजशी जुळेल. एकच तर शॉट आहे.

कात्रीवाला

बाईंनी साडी नेसलीय ना? पदर उजव्या खांद्यावर जाईल. प्रेक्षकांतल्या बायका खून सोडून तेच बघत बसतील. आणि बाईंच्या क्लोजमध्ये पदर पुन्हा डावीकडे.

ऐलमा

मला वाटतं तुम्ही उगाच घाबरताय. वॉल्टर मर्च हा अनुभवी संकलक. कट कुठे मारायचा हे ठरवताना कशाला किती वजन द्यायचं, याची त्याने टक्केवारीच मांडलीय: भावना 51, कथा 23, लय 10, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला 7, पडद्याच्या सपाट प्रतलातली मांडणी 5 आणि खऱ्या जागेतलं सातत्य, म्हणजे कोण कुठे बसलंय, काय कुठे ठेवलंय, त्याला उरलेले 4. कात्री लावायची वेळ आली की तळापासून वर सोडत जायचं, भावना सगळ्यात शेवटी.

दुसरं, 1997 साली डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. दोन बायका टेबलाशी गप्पा मारतायत अशी छोटी फिल्म, त्यात कट बदलला की मुद्दाम काहीतरी बदलायचं. ताटल्यांचा रंग बदलतो, गळ्यातला स्कार्फ गायब होतो, अशा नऊ गोष्टी. पहिल्यांदा बघताना दहा जणांपैकी फक्त एकाला काहीतरी खटकलं. तुमची चहाची कपबशी कोण बघतंय!

संशयात्मा

ऐलमाताई, प्रयोग मान्य. पण ती गप्पांची फिल्म होती. थरारपट बघणारा माणूस आधीपासूनच पोलीस होऊन बसलेला असतो. खुनी कोण, कोण खोटं बोलतंय, हेच शोधायला आलेला असतो. घड्याळ नऊ वीसचं बारा चाळीस झालं तर तो "चूक झाली" म्हणणार नाही, "सापडलं!" म्हणेल, आणि शेवटापर्यंत त्या तीन तासांचा हिशेब लावत बसेल. तुम्ही हिशेब दिला नाहीत की वैतागेल. म्हणून मर्चची यादी इथे मी वेगळी वाचतो. ज्या वस्तूवर रहस्य टांगलंय ती वस्तू 4 टक्क्यांत राहत नाही, ती कथेच्या 23 टक्क्यांत जाऊन बसते. पट्टी आणि घड्याळ दुरुस्त करा, मेणबत्तीला हातही लावू नका.

चुका मोठमोठ्यांच्या राहिल्यात, त्याची लाज नको. हिचकॉकच्या 1959च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये माउंट रशमोरच्या उपाहारगृहात ईव्हा मारी सेंट कॅरी ग्रँटवर पिस्तूल झाडते. मागच्या टेबलावरचं एक पोरगं गोळी सुटायच्या आधीच कानात बोटं घालून बसलंय. बिचारं सरावात दोन-चारदा दचकलं असणार. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोरगं दिसलंच नाही. कुणीतरी दाखवलं, आणि तेव्हापासून मला फक्त ते पोरगंच दिसतं. पण त्याच्या बोटांवर कथा अडलेली नाही, म्हणून चालून गेलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. संशयात्मा, तुमचं वाचून ती तीन तासांची भानगड मलाच खरी वाटायला लागली.

घड्याळावर काल रात्री बसलो. वाइडमधली तबकडी कापून क्लोजमध्ये चिकटवली. ट्रायपॉड असल्यामुळे बसली छान, पण प्ले केलं की कळतं. मेणबत्तीमुळे भिंत लुकलुकते आणि चिकटवलेलं घड्याळ ढिम्म. जणू भिंतीला स्टिकर लावलाय. काय करू?

कात्रीवाला

चिकटवूच नका. वीज गेलेली आहे ना? मग अंधार फुकट आहे. कलर करताना घड्याळाभोवती एक गोल मास्क काढा, कडा भरपूर मऊ ठेवा आणि तेवढा भाग बुडवा. खाली मूळ चित्रच असल्यामुळे लुकलुक आपोआप राहील. घड्याळ आहे एवढं कळलं पाहिजे, किती वाजलेत हे नको. वाइडमधलं नऊ वीस तसंच ठेवा. वेळ एकदाच दिसली की तीच खरी.

आणि पुढच्या वेळी क्लॅपच्या आधी घड्याळाचा सेल काढून खिशात घाला. चहाचंही तसंच: किती प्यायचा ते तालमीत ठरवा, कोणत्या वाक्याला कप उचलायचा ते संवादाच्या कागदावर लिहा. कंटिन्युटीचे फोटो मागच्या कॅमेऱ्याने, आणि फोटोत क्लॅप हवी. क्लॅपवरची अक्षरं उलटी दिसली की फोटो उलटा.

पडदानशीन

चष्मा राहिला की.

कात्रीवाला

चष्म्याच्या कटच्या मध्ये त्याचा एक क्लोज टाका, बाईंचं वाक्य त्याच्यावर वाजू दे. बाईंकडे परत जाल तेव्हा चष्मा नाकावर आलेला असेल. मधल्या वेळात त्यांनी तो लावला, हे प्रेक्षक स्वतःच ठरवून टाकतो.

धागाकर्ता

अंधाराची युक्ती जमली! चष्माही सुटला. चहाच्या दोन कटांना सरळ फाटा दिला. प्रसंग अकरा सेकंदांनी लहान झाला आणि खरं सांगायचं तर बरा झाला.

हाताचं इन्सर्ट रविवारी घेतलं. नटाने शर्ट नागपूरहून कुरियर केला, टेबल आणि कप मामाकडचेच, हात मामेभावाचा. लेन्स तीच, मेणबत्ती फ्रेमबाहेर डावीकडे. पट्टी बांधण्याआधी तिघांनी "डावा, डावा" असं मोठ्याने म्हणून घेतलं. कटमध्ये घातलं आणि अंगावर काटा आला, इतकं बसलं.

आज सकाळी मोठ्या टीव्हीवर लावलं. मामेभाऊ रोज डाव्या हातात घड्याळ घालतो. शूटला काढून ठेवलं होतं, पण बाहीच्या खाली, मनगटावर, उन्हाने न रापलेला पांढरा पट्टा स्पष्ट दिसतोय. आमच्या नटाच्या हातात आख्ख्या सिनेमात घड्याळ नाही. फ्रेम अजून थोडी आवळली तर पट्टा जातो, पण कपाचा कान अर्धा कापला जातो. कापू का?